सासऱ्यांचा कान आणि मुकी गाडी

माझ्या सासऱ्यांनी चाळीस वर्षं गॅरेज चालवलं, ते निव्वळ कानावर. गाडी फाटकाशी असतानाच ते आतून चहा पीत सांगायचे, "तिसरा प्लग गेलाय." महिन्यापूर्वी डॉक्टरांनी त्यांना कानाचं यंत्र दिलं. डॉक्टर तत्काळ मूर्ख ठरले आणि यंत्र कपाटात मोज्यांखाली गेलं. कान गेला तर आपलं काय उरलं, ही धास्ती मात्र त्यांच्या तोंडावर दिसायची.

आमच्याकडे त्यांनी कान दिल्याशिवाय सायकलसुद्धा घेत नाहीत. म्हणून शोरूममध्ये त्यांना नेलं. गाडी हायब्रिड, छोटी, लाल आणि समोरून उगाचच रागावलेली.

"सहा एअरबॅग, मागे कॅमेरा," चाचणी फेरीसाठी सगळे आत बसताच शोरूमच्या बाईंनी सुरुवात केली. "लेन सोडली तर स्टिअरिंग आपणहून सावरतं, काका."

"ते माझी मुलगी फुकट करते," सासरे म्हणाले. मागच्या सीटवर बायकोने घसा खाकरला.

सासऱ्यांनी गाडी सुरू करायचं बटण दाबलं. शांतता. पुन्हा दाबलं. सात वेळा गाडी चालू-बंद करून झाल्यावर ते माझ्याकडे वळले. चेहरा पांढराफटक.

"जावईबापू, कान गेले माझे."

"बाबा, ती आधी बॅटरीवर चालते. आवाजच नाही तिला!"

"समजूत नका घालू. इंजिन कधी मुकं असतं?"

"पण आमचं ऐकू येतंय ना तुम्हाला?" मी विचारलं.

"माणसांचं येतं हो. त्याचा काय उपयोग?"

सासरे गाडी चालवू लागले ते कुणाला तरी शेवटचं पोचवायला निघाल्यासारखे. पुलाचा चढ लागला. बाईंनी हात लांबवून 'स्पोर्ट' लिहिलेलं बटण दाबलं. इंजिन जागं झालं, गुरगुरलं, आणि आम्ही सगळे सीटला चिकटलो.

"तीन सिलिंडर!" सासरे ओरडले.

बाईंनी हातातला कागद पाहिला. "हो काका, तीनच."

"आणि मागच्या डाव्या टायरात खडा आहे."

पूल उतरताच त्यांनी गाडी कडेला घेतली, घराच्या किल्लीने खडा उकरला आणि उपटलेला दात दाखवावा तसा बाईंसमोर धरला. मग मला म्हणाले, "घ्या गाडी."

घेतली. कंपनी म्हणते लिटरला सत्तावीस, आम्हाला चौदा पडतं. स्पोर्टचं बटण बंद करायची घरात कुणाची टाप नाही.

गेल्या आठवड्यात मात्र त्यांनीच ते बंद केलं. बॅटरीवर चालताना मोटर अगदी बारीक शीळ घालते, असं बाई बोलून गेल्या होत्या. ती काही केल्या सापडेना. शेवटी मोज्यांखालचं यंत्र बाहेर निघालं.

शीळ सापडली. आता रोज सकाळी ते डोळे मिटून ती ऐकतात, आणि घरी आल्यावर आम्ही सगळे उगाच केवढ्याने ओरडतो म्हणून आम्हाला झापतात.