नुसती कसर

आमच्या अड्याळकडे तापाला दोन नावं आहेत. अंगाला लावलेला हात भाजला तर ताप, नुसतं कोमट लागलं तर कसर. कसरीला कोणी औषध देत नाही. माझ्या पोरीला नडलं ते हेच.

रीना अडीच वर्षांची. तापात तिला दोनदा झटके आले, तेव्हा भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या. म्हणाल्या, "अंगात ताप वाटला की लगेच सुरू करा. एरवी नको. पाच-सहा वर्षांची झाली की हे झटके बहुधा आपोआप थांबतात." औषधाच्या दुकानातल्या शहाण्याने मात्र पुडी देताना सांगितलं, "मिर्गीची गोळी हाय." मिर्गी म्हणजे फेफरं. झालं! माझ्या सासूबाईंनी ती पुडी घरी आल्या आल्या आपल्या पेटीत लपवली. उद्या पोरीला कोण करून घेईल, हा त्यांना घोर. पोरगी अजून चड्डी ओली करते आणि ह्यांना तिच्या लग्नाची पडलेली.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत एका सकाळी रीनाचं अंग कोमट लागलं. मी गोळी मागितली.

"ताप कुठं हाय वं? कसर हाय नुसती," सासूबाई म्हणाल्या. "कसरीले मिर्गीची गोळी कायले देतं?"

मी पुन्हा कपाळाला हात लावला. घरामागच्या बांधीत, धानाच्या वावरात, रोवणीच्या बाया माझ्यासाठी खोळंबल्या होत्या. एरवी भाजीत मीठ कमी पडलं तरी मी भांडते. त्या दिवशी मात्र मलाही कसरच वाटली, कारण मला जायचं होतं.

दुपारी माझ्या नवऱ्याने, अंकुशने, बांधीच्या कडेच्या धुऱ्यावरून हाक मारली. मी चिखलाच्या पायांनी धावले. रीनाचे डोळे पांढरे, हातपाय ताठ, आणि सासूबाई तिच्या नाकाला कांदा लावून रडत होत्या.

भंडाऱ्याला पोर शुद्धीवर आली. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "ताप वाटल्याबरोबर गोळी दिली होती?"

सगळा राग जिभेवर आला होता. पण नाव कुणाचं घेणार? हात तर मीही लावून पाहिला होता. मला माझीच लाज वाटली.

"दिली होती," मी म्हणाले.

बाईंच्या कपाळाला आठी पडली. "गोळी देऊनही आला? मग आता रोजचं औषध लागेल. दोन वर्षं, एकही दिवस न चुकवता."

सासूबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. मी रीनाचं पांघरूण सारखं करत बसले. अंकुश चिठ्ठी घेऊन गेला, आणि मिर्गी नसलेल्या माझ्या पोरीला त्या दिवसापासून मिर्गीचं औषध सुरू झालं.