चरित्रातलं पाचवं प्रकरण

माझं चरित्र लिहायची हुक्की जावयाला आली. मी घड्याळजी. पन्नास वर्षं डोळ्याला भिंग लावून एका टेबलाशी बसलो, त्यात लिहिण्यासारखं ते काय? पण जावईबापू शाळेतून निवृत्त झालेले, त्यांचे हात शिवशिवत होते. आणि खोटं कशाला बोलू, मलाही गुदगुल्या झाल्या.

चार प्रकरणं झकास झाली. लहानपणी मी म्हणे फार हुशार होतो. पाचवं प्रकरण टॉवरच्या घड्याळाचं. तिघा इंजिनियरांनी ज्याच्यापुढे हात टेकले, ते घड्याळ मी एकट्यानं एका दुपारी चालू केलं, ही गोष्ट मी तीस वर्षं येईल त्याला ऐकवत आलो. दुकान त्यावरच चाललं.

"बाबा, घड्याळ दुरुस्त केलं की तुम्ही झाकणाच्या आत किल्लीची खूण कोरता ना?" जावईबापू म्हणाले. "टॉवरमधल्या खुणेचा फोटो मुखपृष्ठावर टाकू. उद्याच चढतो."

आता आली का पंचाईत! कारण तेव्हा वर चढली होती ती माझी बायको. मला उंचीची भीती. जिन्यातच भोवळ आली, मी बसकण मारली, आणि हत्यारांची पिशवी घेऊन ही वर गेली. दुकानात ही माझ्या शेजारीच काम करायची. आमच्या धंद्यात नियम एकच: ज्याचा हात, त्याची खूण. हिची खूण झाडाचं पान. टॉवरमध्ये पान निघालं की माझी अब्रू गेली, तीही मुखपृष्ठावर!

"जिना मोडलाय," मी म्हणालो. "शिवाय कबुतरं चावतात."

तरी गडी दुसऱ्या दिवशी चढलाच. संध्याकाळी फोटो माझ्यापुढे धरला. मी चष्मा पुसण्यात जमेल तेवढा वेळ काढला. शेवटी पाहिलं, तर किल्ली. माझी किल्ली, हिच्या हातची!

ही समोर माझ्या शर्टाला बटण लावत बसली होती. मान वर केली नाही. भांडली असती, तर मी खोटं रेटून नेलं असतं. पण ती नुसती टाके घालत राहिली, आणि मला स्वतःची लाज वाटली.

"जावईबापू, पाचवं प्रकरण फाडून टाका," मी म्हणालो. "ते घड्याळ तुमच्या सासूबाईंनी चालू केलं. मी चाळिसाव्या पायरीवर डोळे मिटून बसलो होतो."

हिनं दातानं दोरा तोडला.

"चाळिसाव्या कुठल्या? अठराव्या."