सयाजी-लालाची गाडी

"आलं का?" बाहेरून अब्बांनी विचारलं.

"न्हाय."

"आता?"

"न्हाय म्हटलं की."

मी आमच्या जुन्या पिकअपच्या केबिनमध्ये पाय वर घेऊन बसले होते. हातात मोबाईलची बॅटरी. समोरच्या काचेच्या कडेला, डॅशबोर्डवर, खाली पत्र्यावर, सगळीकडं मी पावडर फासली होती. आईची चांगली वासाची. पाणी जिथून येईल तिथं पावडरीत रेघ उमटणार, ही माझी आयडिया. दहावीत गेल्यापासून मला आयडिया फार सुचतात, आणि नवल म्हणजे घरात आता ऐकतातही. अब्बांनी ही ऐकली, कारण त्यांच्या स्वतःच्या संपल्या होत्या.

जूनपासून गाडी आत गळत होती. पाऊस झाला की डाव्या बाजूला पायाखाली तळं. अब्बांनी दाराचं रबर बदललं, काचेभोवती सिलिकॉन भरलं, त्यावर परत भरलं. तळं तिथंच. माणसं असती तर पाय वर घेऊन बसली असती, पण आमच्या शेजारच्या सीटवर कोअर बसतात. कोअर म्हणजे वाळू भाजून केलेला ठोकळा. ओतकामात जिथं पोकळी हवी तिथं तो साच्यात ठेवतात. मागच्या हौद्यात हिसके बसून फुटतो, म्हणून अब्बा नाजूक कोअरचे क्रेट केबिनमधून नेतात, उद्यमनगरातून शिरोलीच्या फौंड्रीत. आणि तो दमट असला तर तापलेलं लोखंड उसळून माणसाच्या अंगावर येतं.

काल दोन दमट निघाले. सुपरवायझर पृथ्वीराजसाहेबांनी ते सगळ्यांसमोर अब्बांच्या हातात ठेवले. आज दुपारच्या खेपेत एक जरी तसला निघाला तर उद्यापासून दुसरी गाडी, असं म्हणाले. बाकीची भाडी नव्या गाड्यांनी कधीच पळवली होती. ही एक खेप उरली होती आणि तिच्यावर दोन घरं चालत होती, आमचं आणि समोरच्या पूर्णिमाकाकूचं. अब्बा कालपासून जेवले नव्हते.

पावसामुळं शाळेला सुट्टी होती, आणि पाऊस मात्र सकाळपासून गायब. म्हणून नळाचा पाईप. मी हुकूम सोडत होते: खालून वर जायचं, एका जागी पाच मिनिटं, उगीच इकडंतिकडं मारायचं नाही. दाराखाली मारलं, दारावर मारलं, काचेवर मारलं. अब्बा कमरेपर्यंत भिजले. पावडर कोरडी ठणठणीत.

"आता टपावर मारा."

टपावरून येत नाही, असं अब्बा म्हणाले. मी म्हटलं, मारा तर. पाईप थोडा वेळ हललाच नाही. मग हळूच वर गेला.

अर्ध्या मिनिटात काचेच्या कडेनं एक बारीक रेघ सरसर खाली आली.

"आलं! अब्बा, आलं!" मला तर विज्ञान प्रदर्शनात पहिला नंबर आल्यागत झालं. उडी मारून बाहेर आले. अब्बा काचेच्या वरच्या पाटीकडं बघत उभे होते.

लाल पत्र्यावर पिवळी अक्षरं. 'सयाजी-लाला'. दोन्हीकडं चांदण्या. सोळा वर्षांपूर्वी सयाजीकाका आणि अब्बांनी अर्ध्याअर्ध्यात गाडी घेतली, त्या दिवशी काकांनी टपाला स्वतः चार भोकं पाडून ही पाटी बसवली. काका कोरोनात गेले. तेव्हापासून अब्बा एकटे चालवतात आणि काकांचा अर्धा वाटा काकूच्या घरी पोचवतात.

मी जवळ जाऊन बघितलं. काचेभोवती सिलिकॉनचे थरावर थर. पाटीच्या स्क्रूंना मात्र बोटभरही नाही. महिनाभर अब्बांनी सगळी गाडी धुंडाळली होती, तेवढी एक जागा सोडून.

"अब्बा, तुम्हाला ठावं होतं."

ते नळ बंद करायला गेले.

आरडाओरडा ऐकून काकू समोरच्या घरातल्या तिच्या ब्युटी पार्लरमधून बाहेर आली. मी सगळं सांगून टाकलं. अब्बा घाईघाईनं म्हणाले, वरनं प्लास्टिक बांधतो, होतंय. त्यांचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. वर्गाबाहेर काढलेल्या पोराचा असतो तसा.

काकूनं पाटीखाली येऊन चारी स्क्रू निरखले.

"भोकं ह्यांनीच पाडलीती न्हवं?"

"व्हय."

"वाटलंच. घरात बी ह्यांनी मारलेला एक खिळा सरळ न्हाय." तिनं पदर खोचला. "काढा, लालाभाऊ."

"वैनी, तेवढं नगा सांगू."

"माणूस गेलं, ते सोसलं की आपण. पाटीचं काय घिऊन बसलाय?"

तीन स्क्रू निघाले. चौथा गंजला होता, तो मी काढला. काकूनं पाटी ओल्या फडक्यानं पुसली आणि घरात नेली. येताना हेअर ड्रायर घेऊन आली. भोकांत एमसील भरून आम्ही ते वाळवत बसलो, नवरीचे केस वाळवावेत तसं. परत पाईप मारला. पावडर कोरडी.

दुपारी निघालो आणि पावसानं गाठलंच. एक क्रेट माझ्या मांडीवर, दोन पायांशी. पंचगंगेच्या पुलावर तर समोरचं काही दिसेना. मी वाटभर काचेच्या कडेवर बोट ठेवून बसले होते. अब्बा मला काही विचारत नव्हते. बोटाकडं तेवढं बघत होते.

फौंड्रीच्या गेटवर पिराजीमामा असतात. पाटी दिसली की ते लांबूनच दांडा वर करतात, आमची गाडी कधी थांबत नाही. आज दांडा खालीच राहिला. मामा रेनकोट सावरत आले आणि धुरकट काचेवर त्यांनी टकटक केलं.

"कुणाची गाडी, पावणं?"

अब्बांनी काच खाली केली.

"सयाजी-लालाची."

मामांनी अब्बांकडं बघितलं, मग वर. तिथं पाटीएवढा पत्रा अजून नव्यासारखा निळा होता, आणि त्यावर एमसीलचे चार ठिपके. मागं जाऊन त्यांनी दांडा उचलला.

माझ्या मांडीवरचा क्रेट कोरडा होता, पायांशीचे दोन्हीही.