दुसऱ्या पातेल्यातले शीत

मित्रांनो, तुम्ही राहता त्या इमारतीचा एक घास कधीतरी माझ्यासारख्या कोणीतरी आधी चाखलेला असतो. पण तुम्ही आम्हाला पाहिलेले नसणार. भिंतींना रंग लागला, गच्चीवर टाक्या चढल्या, की आमचे काम संपते आणि आम्ही कोपऱ्यात पडतो. मी एक जुना लोखंडी साचा आहे. माझी लांबी वीतभरही नाही, रुंदी आणि उंचीही तेवढीच. तरी मला उचलताना भल्याभल्यांच्या तोंडून "आई गं" निघते.

माझे काम समजायला सोपे आहे. इमारतीचे खांब किंवा स्लॅब भरताना सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी कालवून माल तयार करतात. त्यातलाच थोडा माल माझ्यात भरायचा आणि सळईने ठासून बसवायचा. दुसऱ्या दिवशी माझे बोल्ट सोडले की आतून चौकोनी ठोकळा निघतो. साइटवर त्याला क्यूब म्हणतात. हा ठोकळा चार आठवडे पाण्यात ठेवतात आणि मग प्रयोगशाळेत यंत्राखाली दाबून फोडतात. तो किती भार सोसतो, त्यावरून खांब किती भार सोसेल ते कळते.

माझा जन्म तळोज्याच्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये झाला. मी आणि माझे पाच भाऊ एकाच दिवशी तयार झालो आणि खांदा कॉलनीतल्या एका मोठ्या कामावर गेलो. तिथे उदयसिंह नावाचे इंजिनिअर होते. मोठ्या मिशा, डोक्यावर पिवळे हेल्मेट आणि आवाज असा, की मिक्सरसुद्धा दबून फिरतोय असे वाटावे. माल कुठून घ्यायचा हे ते स्वतः ठरवत. चाललेल्या कामातली मालाची कुठलीही एक गाडी मधेच थांबवत आणि म्हणत, "हां, हिच्यातून भरा."

एकदा एका मुकादमाने विचारले, "साहेब, रोज वेगळी गाडी कशाला? पहिलीच घेऊ की."

उदयसिंह हसले. "घरी भात शिजला का ते कसं बघतोस?"

"शीत दाबून."

"कुठल्या पातेल्यातलं?"

"त्याच पातेल्यातलं की, साहेब!"

"मग झालं तर. शितावरून भाताची परीक्षा. पण भात या पातेल्यात आणि शीत त्या पातेल्यातलं, असं केलंस तर पंगत कच्चा भात खाईल आणि आचारी म्हणेल, मी बघितलं होतं."

त्या कामावर माझा एक ठोकळा नापास झाला. मालक खूप ओरडला. उदयसिंहांनी मात्र त्या मालाचा खांब पाडायला लावला आणि पुन्हा भरून घेतला. मला वाटले, आता माझ्यावरही राग निघणार. पण त्यांनी मला स्वच्छ पुसले, आतून तेलाचा हात फिरवला आणि म्हणाले, "शाबास. खरं बोललास." मित्रांनो, आयुष्यात मला मिळालेली खरी शाबासकी ती एवढीच. ती नापास झाल्यावर मिळाली.

काम संपले. उदयसिंह निवृत्त होऊन गावी गेले. आम्ही सहा भाऊ वेगवेगळ्या हातांत विकले गेलो. मी आलो विचुंबे गावात, निकेशकडे.

निकेश हा बळीराम आबांचा मुलगा. आबांनी आयुष्यभर शेती केली. आता त्या जमिनीच्या एका तुकड्यावर निकेश आपली पहिली इमारत उभी करत होता. रस्त्यावर भली मोठी पाटी लागली होती, 'बळीराम हाइट्स'. आबा पाटीखालून जाताना उगाच मान खाली घालत, पण चार पावलांवर जाऊन वळून बघत.

निकेश वाईट माणूस नव्हता. मजुरांना शनिवारी पैसे म्हणजे शनिवारीच मिळत. उन्हाच्या दिवसांत तो सगळ्यांसाठी ताडगोळे आणी. पाया भरताना तो स्वतः सकाळपासून उभा होता आणि पाया उत्तम झाला. पण नंतर बुकिंग, परवानग्या, फोन यांत तो गुंतला आणि साइट कुंदन सुपरवायझरच्या हातात गेली.

पहिला खांब भरायचा दिवस आला. मिक्सर फिरत होता. मी वाट बघत होतो, की आता मधली एखादी गाडी थांबेल. पण कुंदनने वेगळे घमेले मागवले. त्यात सढळ हाताने सिमेंट टाकले, बेताचे पाणी घातले, छान घट्ट माल कालवला आणि तो माझ्यात भरला. खांबांत मात्र दुसराच माल चालला होता. त्यात सिमेंट कमी आणि पाणी भरपूर. पाणी जास्त असले की माल पटकन वाहतो, काम लवकर उरकते.

तेवढ्यात निकेश आला. त्याने घमेले बघितले, मिक्सर बघितला. "कुंदन, हे काय?"

"क्यूबचा माल, शेठ."

"आणि तो?"

"तो खांबांचा. शेठ, तुम्हीच म्हणालात ना, सिमेंट जपून वापर? सगळीकडे असंच चालतं. लॅबवाला क्यूब बघतो, खांब बघायला येत नाही."

निकेशचा फोन वाजला. त्याने तो उचलला आणि बोलत बोलत गेटकडे गेला. मित्रांनो, पुष्कळ चुकीच्या गोष्टी अशाच होतात. हो कोणीच म्हणत नाही. फक्त कोणाचा तरी फोन वाजतो.

माझे ठोकळे एकामागून एक पास झाले. "लकी साचा आहे हा," कुंदन सगळ्यांना सांगे. खंडेनवमीला अवजारांची पूजा झाली, तेव्हा सगळ्यांत मोठा हार मला घातला. त्या झेंडूला छान वास होता. पण उदयसिंहांनी मला पुसले, त्या नापास दिवसाची मला सारखी आठवण येत राहिली.

काही जादा ठोकळे उरले होते. आबांनी त्यातले दोन बदामाच्या झाडाखाली मांडले आणि त्यांवर बसून ते रोज काम बघू लागले. त्यांची बायको वेणू डबा घेऊन येई. एके दिवशी तिने चटणीसाठी आणलेला नारळ त्या ठोकळ्यावरच आपटला. नारळाची दोन शकले झाली.

"अवो, बगा," ती म्हणाली. "नारल फुटला, पन दगडाला ओरखडा नाय!"

"पोराच्या बिल्डिंगचा हाय त्यो," आबा ऐटीत म्हणाले. "तुज्या जातीचा. फुटाचा नाय."

"बरी मस्करी सुचते या वयात!" असे म्हणत वेणूने खोबऱ्याचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. पहिल्या मजल्यावरचे घर या दोघांसाठी ठेवले होते. खिडकी बदामाकडे उघडणार होती.

खालचे खांब उभे राहिले. पहिल्या स्लॅबची तयारी झाली. आदल्या दिवशी निकेश साइटवर आला. आबा झाडामागे ठोकळ्यावर बसलेले त्याला दिसले नाहीत. मी त्यांच्या पायाशीच पडलो होतो.

निकेश हलक्या आवाजात म्हणाला, "कुंदन, उद्याच्या स्लॅबवर आई-बाबा राहणार आहेत. उद्या सगळा क्यूबचा माल मार. कंजूषी करू नकोस."

"अख्ख्या स्लॅबला?"

"अख्ख्या. माझे आई-बाप आहेत ते."

झाडामागून आवाज आला. "निकेश."

निकेश दचकला. आबा काठीवर जोर देऊन उभे राहिले.

"उद्याचा माल चांगला. मंग आजपत्तुर कंचा व्हता?"

"तसं नाय बाबा... उद्या जरा जास्त..."

"आमच्या स्लॅबखाली खांब हायेत. त्यांत कंचा माल हाय?"

कुंदन मधे पडला. "आबा, खांबांचे सगळे क्यूब पास आहेत. टेन्शन नका घेऊ."

"क्यूबमदी कोन ऱ्हातंय?" आबांनी विचारले.

निकेशचा चेहरा उतरला. "बाबा, मी लक्ष नाय दिलं. हे सगलं कुंदनने..."

"पाटी कुनाच्या नावाची हाय? कुंदनच्या?"

"तुमच्या. तुमच्यासाटीच तर चांगला माल सांगत व्हतो ना मी! सगलेच असं करतात, बाबा. त्यांच्या बिल्डिंगा उभ्या हायेत."

आबा पुन्हा ठोकळ्यावर बसले. मग सावकाश बोलू लागले. "आमची खारीची शेती व्हती, तवा खाडीला बांध व्हता. पर्तेक घराचा आपापला वाटा. एक साल एकानं आपल्या वाट्याला माती कमी घातली. वरनं लिपून घेतला, दिसाया झ्याक. भरती आली ती तितनंच आत घुसली. पानी त्याच्याच शेतान थांबलं काय? सगल्या गावाचं भात खारट झालं. तुजी आय वरच्या चांगल्या स्लॅबान झोपंल आन खालचा खांब बसला, तर काय व्हईल?"

मग त्यांनी काठीने मला टोचले. "याच्यात आता मिक्सरमदला माल भरा. रोजचा. माज्यासमोर."

कुंदनने निकेशकडे पाहिले. निकेशने हातातला फोन बंद करून खिशात टाकला. मग म्हणाला, "भर. आणि उद्याचा स्लॅब थांबव."

कितीतरी दिवसांनी माझ्यात खरा माल पडला. तो पातळ होता, जागोजागी नुसती खडी जमत होती. आपण काय सांगणार आहोत हे मला तेव्हाच कळले आणि भीती वाटली. खरे सांगण्याचे भय लोखंडालाही वाटते.

ठोकळा पाण्याच्या टाकीत गेला. काम थांबले. आबा रोज येऊन टाकीजवळ बसत. निकेश दूरवर फेऱ्या मारी.

त्या दिवसांतच सुशांत आणि मिताली हे जोडपे आपली मुलगी सई हिला घेऊन साइट बघायला आले. दुसऱ्या मजल्यावरचे घर त्यांनी घेतले होते. तिथे अजून नुसते आकाश होते.

"काका, माझी खोली कुठे आहे?" सईने विचारले.

निकेशने वर बोट दाखवले. "ती काय, त्या कावळ्याच्या थोडी खाली."

सई खूश झाली. तिने विटेचा तुकडा घेतला, एका खांबाला पाठ टेकवून उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, माझ्या उंचीची खूण कर. राहायला येऊ तेव्हा मी केवढी झाले ते बघू." सुशांतने तिच्या डोक्यावर लाल रेघ ओढली. मग सहज विचारले, "टेस्टिंग वगैरे सगळं ओके ना, शेठ?"

"हो. सगळे क्यूब पास आहेत," निकेश म्हणाला. एवढे बोलताना त्याने तीनदा घसा खाकरला. ती मंडळी गेल्यावर तो त्या रेघेसमोर कितीतरी वेळ उभा होता. आबा टाकीजवळून बघत होते.

ठोकळा बाहेर काढायचा दिवस आला. निकेश म्हणाला, "लॅबला पाठवतो."

"पाठव. पन आदी तुज्या आयेला नारल फोडू दे," आबा म्हणाले.

वेणूने पदर खोचला. दोन्ही हातांनी नारळ धरून ठोकळ्याच्या कोपऱ्यावर हाणला. नारळ फुटला. त्याच्याबरोबर ठोकळ्याचा कोपराही निखळला आणि नारळाच्या पाण्यात त्याची वाळू वाळू झाली. वेणूने ती बोटांत चोळून बघितली. मग हात पुढे करून ती वाळू तिने निकेशला दाखवली.

निकेशने तिथेच सुशांतला फोन लावला. "साहेब, मी तुमच्याशी खोटं बोललो. क्यूब पास होते, खांब नाहीत." पलीकडचा आवाज इतका चढला, की मला दोन हातांवरून ऐकू आला. निकेशने सगळे ऐकून घेतले. शेवटी फक्त म्हणाला, "पैसे परत हवे असतील तर देतो. घर हवं असेल तर खांब पाडून पुन्हा भरतो. पण आधी सांगतोय."

कुंदन हेल्मेट आपटून म्हणाला, "शेठ, लोक तुम्हाला वेडा म्हणतील."

"म्हणू देत. तू म्हणालास, मी ऐकलं. आता सगळं मला निस्तरू दे."

खांब फोडायचे ब्रेकर मशीन आले. कुठून सुरुवात करायची, असे मजुरांनी विचारले. निकेशने घण उचलला आणि सईची रेघ होती त्या खांबाजवळ गेला. पहिला घाव त्याने स्वतः घातला. लाल रेघेसह खांबाचा पापुद्रा खाली आला.

मित्रांनो, 'आणि सगळे आनंदी झाले' असे मला सांगता येत नाही. बुकिंग केलेल्यांपैकी निम्मे लोक निघून गेले. सुशांतने अजून काही कळवलेले नाही. गावात लोक हसतात. कुंदन शेजारच्या साइटवर लागला आहे.

परवा तो मला मागायला आला होता. "शेठ, तुमचा लकी साचा द्या ना दोन दिवस. आमचे खांब भरायचेत."

निकेश म्हणाला, "देतो. पण माल मी भरणार, चालू मिक्सरमधून."

कुंदन हसला. "राहू द्या मग. बाजारात साचे पुष्कळ मिळतात."

खरे आहे. साचे पुष्कळ मिळतात. आज सकाळी शेजारच्या साइटवर मिक्सर सुरू झाला आणि त्याच्या बाजूला मला एक वेगळे घमेले दिसले. मला हातपाय नाहीत, म्हणून तुम्हाला हाक मारतो आहे. मोठे होऊन तुम्ही घरे बांधाल, औषधे कराल, दूध विकाल, नाहीतर कोणाचा हिशेब तपासाल. पारख करायला कोणी तुमच्यापुढे नमुना ठेवला, तर तो फार सुंदर आहे म्हणून लगेच मान डोलावू नका. हे शीत कुठल्या पातेल्यातले, एवढे विचारा. आणि पातेले तुमचेच असेल, तर दुसऱ्या कोणी विचारायची वाट बघू नका.

इथे खांब पुन्हा उभे राहत आहेत. आबा रोज मधली एखादी गाडी काठीने थांबवतात. सईची रेघ होती त्या खांबाच्या जागी नवा खांब झाला आहे. तो कोरा आहे. निकेशने मजुरांना बजावले आहे, की त्यावर कोणी काही लिहायचे नाही. विटेचा एक तुकडा त्याने खांबाशी ठेवला आहे.