प्रुइटची सपाटी

"इथे हात लावून बघा," असं म्हणत ब्रेंट हॉलिसने टोपी काढली आणि तो सरळ बोटीखाली गवतावर उताणा पडला. साठी उलटलेला माणूस, आयुष्यभर दातांचा डॉक्टर, पांढरी विजार. ट्रेलरवर चढवलेल्या बोटीच्या पोटावरून तो गाभण गाईच्या पोटावरून फिरवावा तसा हात फिरवत होता. भोवती वीसपंचवीस जण गुडघ्यांवर हात टेकून वाकले होते. "सापडली," तो खालून म्हणाला. "प्रुइटची सपाटी."

ज्यांच्या नावाची ती सपाटी, ते डेलमर प्रुइट माझ्या शेजारी चाकांच्या खुर्चीत बसले होते. वय अठ्ठ्याऐंशी, नाकात प्राणवायूची नळी, एवढ्या उन्हातही मांडीवर पांघरूण. ते माझे वडील. 

दर ऑक्टोबरात पार्कर गावी नदीकाठच्या हिरवळीवर हा मेळावा भरतो. साठ-सत्तरच्या दशकांतल्या बोटी घेऊन माणसं लांबलांबून येतात. बुटक्या, चपट्या तळाच्या, मोटारीचं आठ सिलिंडरचं इंजिन उघडंच बसवलेल्या बोटी. रंगात चमकी इतकी की उन्हात डोळे दिपतात. तेव्हा आमच्याकडचा प्रत्येक गॅरेजवाला असली बोट मागे दोराला, पायात फळ्या घातलेला स्कीवाला बांधून पळवायचा. आता त्यांची पोरं म्हातारी झाली आहेत आणि आपलं बालपण ट्रेलरवर घालून हिंडवतात. एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून डोळे पुसतात. मला त्यांचा राग येतो. त्यांचं बालपण म्हणजे आमच्या घरातला खोकला होता, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

डॅडींना मी यापूर्वी कधी इथे आणलं नव्हतं. पण या वर्षी हॉलिसचे तीन फोन आले. त्याच्या बोटीवरचं बनवणाऱ्याचं नाव कधीच खरवडून गेलं होतं, मात्र तळाला डाव्या अंगाला ती सपाटी होती. तळहाताएवढी जागा. जिथे गोलाई हवी तिथे बोट किंचित चपटी. या मंडळींच्या कुठल्याशा मासिकात कोणीतरी लिहिलं होतं की पाण्यातल्या पंख्याच्या फिरण्याने बोट एका अंगाला ओढते, त्यावर प्रुइटने काढलेली ही गुप्त युक्ती. तेव्हापासून सपाटी सापडली की ती बोट अस्सल प्रुइट, असं ठरून गेलं. हॉलिसला आता प्रुइटचीच सही हवी होती, बोटीच्या आत, सुकाणूच्या बाजूला. ती झाली की झालं.

मला भीती होती ती त्या सहीचीच. कारण युक्ती वगैरे काही नव्हती. एकाहत्तर साली माझ्या आईने, वांडाने, आमची घरची बोट धरणाखालच्या खडकावर घातली. वरून पाणी सोडणं बंद झालं की नदी हातभर उतरते आणि खडक वर येतात, हे तिला माहीत होतं, पण ती हसत होती आणि मागे बघत होती. डॅडींनी आतून ठिगळ लावलं, बाहेरून भरलं, घासलं. जागा जराशी चपटीच राहिली. पुढच्या हिवाळ्यात नीट करतो म्हणाले. घरच्या बोटीचा हिवाळा कधी येतो का? त्यांनी एकूण अडतीस बोटी बनवल्या आणि सपाटी होती ती त्यातल्या फक्त एकीला. त्या एकीला ऐंशी साली त्यांनी स्वतः करवतीने कापून तिचे तुकडे केले.

म्हणजे आज जिला सपाटी आहे ती बोट त्यांची असूच शकत नाही. ती हॅरल मॅकनीलच्या कारखान्यातली. दोन गल्ल्या सोडून हॅरलचं दुकान होतं. त्याने आमच्या घरच्या बोटीची छाप उठवली. छाप उठवणं म्हणजे दुसऱ्याची तयार बोट उलटी घालायची, मेण लावायचं, वरून फायबरचे आणि रेझिन नावाच्या चिकट रसायनाचे थर द्यायचे आणि दोन दिवसांनी साचा उपटून काढायचा. ज्या साच्यावर डॅडींचे दोन हिवाळे गेले, तो हॅरलला दोन दिवसांत मिळाला. ठिगळासकट मिळाला, एवढीच त्याच्या नशिबातली गंमत. त्याने चारशेवर बोटी काढल्या आणि चारशेंच्या तळाला माझ्या आईचा खडक होता.

ती बोट हॅरलकडे पोचवली मी.

सत्त्याहत्तरचा ईस्टर. मी एकोणीस वर्षांची. डॅडी आणि आई आजीच्या मातीला ओक्लाहोमाला गेले होते. ड्वेन हॅरलकडे फायबर लावायच्या कामाला होता आणि मी त्याच्यावर भाळले होते. चार दिवस नदीवर नेतो म्हणाला, मी चावी दिली. बोट परत आली ती आरशासारखी लख्ख. मला इतका आनंद झाला की काय सांगू, किती जपणारा मुलगा म्हणून. पण तळाला मेणाचा वास होता. मोटारीला लावायच्या मेणाचा नाही, साच्याच्या मेणाचा. मी कारखान्यातच वाढले होते, मला तो वास कळला नाही असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? मी नाक बंद केलं. डॅडी परत आले, त्यांनी बोटीवरून हात फिरवला आणि विचारलं, कोणी धुतली गं? मी म्हणाले, मी.

त्यानंतर आम्ही त्यावर एक शब्द बोललो नाही. पुढच्या उन्हाळ्यात हॅरलची नवी बोट नदीवर आली. डॅडी तिच्याखाली वाकले, त्यांनी डाव्या अंगाला हात लावला आणि काठावरच्या आमच्या तंबूकडे येऊन हात धुऊन जेवायला बसले. आईने वाढलेला घेवडा तसाच राहिला. वर्षभरात दुकान बंद झालं, कारण तीच बोट हॅरल निम्म्या वेळात देत होता. डॅडी न्हाणीघराचे टब बनवायच्या कारखान्यात लागले. तेच फायबर, तेच रेझिन. फक्त आता लोक त्यात बसून पाय धुणार होते. एकवीस वर्षं टब बनवले. फुप्फुसं गेली ती तिथेच. ड्वेनशी मी लग्न केलं आणि नऊ वर्षांनी सोडलं. छाप कशी उठवली ते त्याने लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात बियर पिता पिता हसत सांगितलं होतं, तरी मला सोडायला नऊ वर्षं लागली. डॅडींना मात्र बोट हॅरलकडे कशी गेली ते ठाऊक नाही, असं धरून मी बेचाळीस वर्षं काढली. दाराचं कुलूप कोणी रात्री तोडलं असेल, असं त्यांना वाटत असेल, अशी माझी मीच समजूत घातली होती.

खोटं कशाला बोलू, मलाही ती वर्षं आठवतात. सकाळी सहाला पाणी काचेसारखं असायचं. डॅडी एका हाताने सुकाणू धरायचे, दुसऱ्या हातात कॉफीचा पेला, आणि थेंब सांडायचा नाही. आई मागे एकाच फळीवर उभी राहून आडवी व्हायची, इतकी की तिची वेणी पाण्याला लागायची. माझं काम मागे तोंड करून बसायचं, आणि ती पडली की लाल झेंडा वर करायचा, म्हणजे मागची बोट तिच्या अंगावर येणार नाही. इंजिनाच्या धगीने माझी पाठ भाजायची. मला वाटायचं, जगात आमच्यापेक्षा श्रीमंत कोणी नाही. रविवारी संध्याकाळी परतताना गाडीत रेझिनचा वास यायचा आणि फायबरच्या कुसांनी डॅडींच्या हाताला आलेली खाज मी केसांच्या ब्रशने खाजवून द्यायची. ते सगळं मी एका चावीपायी घालवलं. या माणसांना त्यातली फक्त चमकी आठवते.

हॉलिस बोटीखालून निघाला, गुडघे झाडले आणि डॅडींच्या खुर्चीसमोर उकिडवा बसला. "प्रुइट साहेब, एकच विचारतो. हे तुम्हाला सुचलं कसं?"

डॅडींचा आवाज आता दाराच्या फटीतून आल्यासारखा येतो. सगळे पुढे झुकले. "सुचलं नाही," ते म्हणाले. "बायकोने केलं."

मोठा हशा झाला. मागून एकजण म्हणाला, "आमच्या घरी पण सगळं बायकोच करते, साहेब, नाव तेवढं आमचं." डॅडी हसले नाहीत. त्यांनी पुन्हा सांगितलं, वांडाने खडकावर घातली होती, ते ठिगळ आहे. यावर तर लोक टाळ्याच वाजवायला लागले. मोठा माणूस कसा साधा असतो, असं कोणीतरी शेजारणीला सांगत होतं. त्या म्हाताऱ्याने दोनदा खरं सांगितलं आणि दोन्ही वेळा त्यांनी ते हसण्यावारी नेलं. माझा जीव भांड्यात पडला. आणि जीव भांड्यात पडला म्हणून स्वतःची किळसही आली.

हॉलिसने खिशातून जाड काळं पेन काढलं, टोपण काढून डॅडींच्या हातात दिलं. त्याचे डोळे भरले होते. ही बोट त्याच्या वडिलांनी एकोणऐंशीत घेतलेली. वडील घरी कधी बोलायचे नाहीत, म्हणाला, फक्त या बोटीत बोलायचे. मग तो बाजूला झाला. दोघांनी खुर्चीसकट डॅडींना उचलून बोटीच्या कडेला धरलं, म्हणजे सुकाणूपर्यंत हात पोचेल.

डॅडींनी पेन टेकवलं नाही. ते माझ्याकडे वळले.

"रोनेल, तूच सांग गं," ते म्हणाले. "ही आपली आहे का?"

सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. हॉलिस हसऱ्या चेहऱ्याने बघत होता. उत्तर तीन शब्दांचं होतं: नाही, हॅरलची आहे. मी एकसष्ट वर्षांची, दोन मुलांची आई, शाळेच्या कचेरीत तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेली बाई. मला कोण काय करणार होतं? फार तर हॉलिसने मान खाली घातली असती. डॅडींनी मला काही विचारलं असतं आणि मी सांगितलं असतं. खुर्ची धरलेल्या दोघांपैकी एकाच्या कपाळावर घाम होता.

"ऊन चढतंय, डॅडी," मी म्हणाले. "सही करून टाका."

 ते वळले आणि त्यांनी सही केली. सावकाश, पूर्ण नाव, डेलमर आर. प्रुइट, हॅरल मॅकनीलच्या बोटीवर. हॉलिस त्यांच्या गळ्यात पडून हमसून रडला आणि डॅडी त्याच्या पाठीवर थोपटत होते, लहान मुलाला थोपटावं तसं. कोणीतरी आम्हाला फुकट हॉटडॉग आणून दिले. फोटो निघाले. एका फोटोत मी पण आहे.

गाडीत मी त्यांना बसवलं, प्राणवायूचं नळकांडं पायाशी ठेवलं आणि पट्टा लावायला वाकले. तेव्हा ते माझ्या कानाशीच बोलले.

"ड्वेनने नेली होती ना?"

मी पट्टा धरून तशीच वाकून राहिले. हो म्हणाले.

"तू एवढंच म्हणायचं होतंस तिथे."

कधीपासून माहीत आहे, मी विचारलं. मी 'मीच धुतली' म्हणाले त्या दिवसापासून, असं त्यांनी सांगितलं, अगदी हवापाण्याचं सांगावं तसं. मेणाचा वास त्यांनाही येत होता.

"मग मला विचारलं का नाहीत, डॅडी?"

"विचारलं असतं तर तू कबूल केलं असतंस. ते मला नको होतं. तू आपणहून सांगशील म्हणून थांबलो."

"बेचाळीस वर्षं?"

"आज सकाळपर्यंत," ते म्हणाले.

मग पट्टा नळीवर येतोय म्हणून त्यांनी तो सैल करायला सांगितला. मी केला, आणि आम्ही घरी निघालो.