आबांचा मसाला आणि जपानी ड्रम

मित्रांनो, मी पायाने वाजवायचा एक जुना ड्रम आहे. साठच्या दशकात जपानमधल्या एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. हलक्या लाकडाचे पातळ पदर एकमेकांवर चिकटवून माझं गोल अंग घडवलं. इतकं पातळ अंग पुढे वाकडं होऊ नये म्हणून आतून दोन्ही काठांना लाकडी कडी बसवली. पडदा ज्या काठावर टेकतो, तो काठ एका कारागिराने हाताने घासून गोलसर केला. काठ धारदार असता तर माझा आवाज टणक झाला असता. गोलसर काठाने तो उबदार झाला. त्या माणसाचं नाव मला कधी कळलं नाही, पण माझ्या प्रत्येक ठोक्यात त्याचा हात आहे.

समुद्रावरून मी मुंबईला आणि तिथून महाबळेश्वरच्या एका हॉटेलात आलो. हॉल बुटका, खाली गालिचा. पाहुणे जेवत असत, म्हणून मॅनेजर रोज एकच शब्द सांगायचा, "हळू." मी वर्षानुवर्षं हळू बोललो. पुढे तिथलं संगीत बंद पडलं आणि मी अडगळीच्या खोलीत पावसाळ्यांची ओल खात राहिलो.

१९९१ साली महेंद्र नावाच्या टॅक्सीवाल्याने मला तिथून सोडवलं. साताऱ्याजवळच्या गावात त्याच्या थोरल्या भावाची, आबांची, गायन पार्टी होती. महेंद्र गायचा, आबा ढोलकी वाजवायचे आणि माझ्यामागे बसली आबांची मुलगी नीलिमा. ती शाळेत विज्ञान शिकवायची. तिने मला कोरड्या फडक्याने पुसलं, गंजलेल्या चाव्यांना तेल दिलं आणि समोरासमोरच्या चाव्या थोड्या थोड्या आवळत पडदा सगळीकडून सारखा ताणला. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी हळू म्हणालं नाही. जयंती असो, लग्न असो, नीलिमाचा पाय आणि माझं पोट यांची छान गट्टी जमली.

आबांचा माझ्यावर फार जीव. "जपानी हाय, पर पोटात दम कमी," असं ते म्हणायचे. एके दिवशी ढोलकीच्या डाव्या बाजूला, म्हणजे धुमेला, आतून लावतात तो तेलकट मसाला त्यांनी घेतला आणि माझ्या पडद्याला आतून अंगठ्याने थापला. खोलीत वाजवून पाहिलं तर काय घुमलो मी! आबांचे डोळे भरून आले. नीलिमालाही तो आवाज आवडला.

त्यानंतरचा कार्यक्रम मोकळ्या मैदानात होता. माइक दोनच, तेही गाणाऱ्यांपुढे. कार्यक्रम संपल्यावर आबांची मोठी बहीण बाळाबाई मागच्या रांगेतून पुढे आली.

"नीले, तू वाजवत हुतीस का गं?"

"आत्या, घाम बघ की माझा!"

"मला वाटलं, कुणीतरी गादी झोडतंय."

सगळे हसले. महेंद्र हसला नाही.

"सांगलीचा दुकानदार ह्यो ड्रम घेऊन ऑक्टोपॅड देतोय," तो म्हणाला. "आवाज थेट स्पीकरातनं. वाजवायला कराडचा एक जण तयार हाय."

मग नीलिमाने काय करायचं, हे कुणी विचारलं नाही. तिने मान खाली घालून माझी चावी उगीच फिरवली.

"काका, मेढ्याचा कार्यक्रम होऊ द्या," ती शेवटी म्हणाली. "तिथं मागं ऐकू नाही आलं, तर मीच ड्रम बांधून देते."

रविवारी तिने मला माळावर नेलं. आबांना वाजवायला बसवलं आणि स्वतः बाळाबाईला घेऊन लांब लिंबाच्या झाडापर्यंत चालत गेली. जवळ मी गडगडत होतो, पण लिंबापाशी नुसती धुसफूस. तिने माझ्याखालची सतरंजी काढून फळ्या टाकल्या. थोडा फरक पडला. चाव्या पुन्हा जुळवल्या. आणखी थोडा पडला. मग मात्र ती आबांसमोर येऊन उभी राहिली.

"आबा, पडदा जड झालाय. जवळ घुमतोय, पण ठोक्याची सुरुवात बोथट होतेय. आणि लांबच्याला ठोका कळतो तो त्या सुरुवातीनंच."

"म्हंजी माझा मसाला."

"व्हय."

"उभा जन्म धुमेला लावतोय मी. कुणी नाव न्हाई ठेवलं."

"धुमेला तो लागतोच, आबा. धुम लहान, तिला वजन हवं. ह्याचा पडदा मुळातच मोठा हाय."

बाळाबाईने तोंड घातलं, "पुरणाला गूळ लागतो, म्हणून ताकात बी घालणार व्हय रं?"

आबा हसले नाहीत. नीलिमा फडकं घ्यायला वाकली, तसे ते म्हणाले, "तू नगं. पडदा फाडशील. मीच काढतो."

कोमट पाण्याने भिजवून, नखाने जपून खरवडत त्यांनी स्वतःचा मसाला उतरवला. लावताना त्यांचा हात जितका मायेचा होता, तितकाच काढतानाही होता.

मेढ्याजवळच्या वाडीत नव्या विहाराचं उद्घाटन होतं. माणसं पार बांधापर्यंत बसली होती. पहिलं गाणं चालू असतानाच महेंद्रने गाणं कोरसवाल्यांवर सोपवलं आणि तो गर्दीतून थेट शेवटच्या रांगेत, बाळाबाईजवळ जाऊन उभा राहिला. नीलिमाने वर पाहिलं नाही. कडवं संपलं, कोरस थांबला. आबांनीही ढोलकीवरचा हात उचलला. मैदानात मी एकटाच उरलो.

नीलिमाने पाय दाबला. एक ठोका. दुसरा. तिसरा.

मग अगदी मागून टाळ्या आल्या. माझ्या ठोक्यांच्या जराशा मागे पडत, पण एकसारख्या. आवाजाला तिथवर जायला आणि परत यायला वेळ लागतो, हे नीलिमा मुलांना दरवर्षी शिकवत असे. त्या उशिराने पोहोचणाऱ्या टाळ्या ऐकून ती वाजवता वाजवता हसली.

सामान आवरताना महेंद्र म्हणाला, "नीले, ह्यो सांगलीला जायचा न्हाई. मागच्या शिटावर ठिव, धक्का नगं बसाय."

"आरं, मग मी कुठं बसू?" बाळाबाई ओरडली.

"आक्का, तू बस टपावर!"

मित्रांनो, एखादं जुनं वाद्य तुमच्याही घरात असेल. त्याला ओल लागू देऊ नका, त्याच्यावर ओझी रचू नका. आणि कितीही मायेने त्याला काही लावलंत, तरी नंतर कुणाला तरी लांब उभं करा, एकदा वाजवा आणि विचारा, "ऐकू येतंय का?"