दहा हजार सातचं पाप

सोमवारची दुपार, मालवणच्या किनाऱ्यावरची आमची वाडी, आणि मांडवाभोवती दोनशे माणसं. मधे आकडेबुवा, मागे फळ्यावर खडूने लिहिलेलं: १०००७.

"देवाच्या पयल्या रापणीक इतके मासे गावले!" बुवा ओरडायचा. "दोनापासून शंभरापर्यंत एक आकडो सांगा. तितके वाटे घालतंय. काय उरला नाय तर दुखणा गेला! उरला तर पाप आसा!"

एक हा आकडा म्हणे देवाचा, तो कोणी घ्यायचा नाही. मेला हुशार होता!

आमच्याकडे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली की मासळीचे सारखे वाटे घालतात आणि उरेल ते देवाला ठेवतात. त्यामुळे भागाकारातल्या बाकीवरही देवाचाच हक्क, हे लोकांना लगेच पटलं. तीन महिन्यांत एकाचंही शून्य आलं नाही, तरी कोणी 'असं का?' म्हणून विचारलं नाही. १९८४ साल होतं, मी तिथल्या शाळेत गणित शिकवत होतो. मीही विचारलं नाही. हसलो आणि घरी गेलो.

आनंदी माझी जुनी विद्यार्थिनी. तिचा नवरा सहदेव होडीवर जायचा. क्षयाने अंथरुणाला खिळला होता. दवाखान्याचं रोजचं इंजेक्शन लागू पडत होतं. बुवाने फर्मावलं, "पाप उरला आसा तवसर आंगाक सुई लागता नये."

पहिल्या सोमवारी तिने नवऱ्याचं वय सांगितलं, छत्तीस. उरले पस्तीस. मग सात, उरले चार. मग तेवीस, उरले दोन.

"कमी कमी जातत, गुरुजी!" रविवारी ती वाटेत भेटली. "उद्या शून्य येतला. माझो घोव बरो होतलो."

"अगो, आधी सुई चालू कर!"

"नेम मोडलंय तर देव कोपतलो."

घरी येऊन मी पाटी घेतली. शंभराच्या आत मूळ संख्या पंचवीस. पंचवीस भागाकार केले, एकही पुरा जाईना. अरे देवा! दहा हजार सात ही मूळ संख्याच. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही. पाचवीत मीच शिकवतो हे!

सोमवारी पोचलो तेव्हा आनंदी सांगत होती, "दोन. मी आणि माझो घोव." उरला एक.

मी फळ्यावरचा सात पुसून आठ लिहिला. "आता घाला छत्तीस वाटे!" सगळ्यांसमोर भागाकार केला. बाकी शून्य. "एका माशाने सहदेवाची पस्तीस पापं धुतली काय हो, बुवा?"

बुवा झोळी उचलून चालता झाला. आनंदी दवाखान्याकडे धावली. तीन आठवडे सुई चुकली होती. गुरुवारी सहदेव रक्त ओकून गेला.

भेटायला गेलो तर म्हणाली, "दोघांत एक उरला, गुरुजी. बुवा खरा बोललो."

"नाय गो," मी म्हणालो. "विषम संख्येचे दोन वाटे केले की एक उरताच. कोणाचोय घोव असो."



लोकहो, बाकी म्हणजे पाप नव्हे, बाकी म्हणजे नुसती बाकी. कोणी औषध बंद करायला सांगितलं तर आधी त्याचं गणित तपासा. आणि गणित येत असून जो हसून घरी जातो, त्यालाही जाब विचारा. मला अजून कोणी विचारलेला नाही.